अलिबागची इस्रायल आळी : एक वस्ती आणि तिची नावे

१

अलिबाग शहरातील एका वस्तीस ‘इस्रायल आळी’ असे म्हणतात. शहरात नव्याने आलेल्या माणसास या नावाचे नवल वाटते. भूमध्य समुद्राच्या काठी १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रावरून ते पडले असावे, असा त्याचा सहजच समज होतो. हा समज खरा नाही. ज्या समाजावरून आळीस हे नाव मिळाले तो बेने इस्रायल समाज त्या राष्ट्राच्या स्थापनेपूर्वी किमान शतकभर याच नावाने ओळखला जात होता. आणि त्याचे अलिबाग येथील प्रार्थनामंदिर १८४८ साली, म्हणजे त्या घटनेच्या बरोबर शंभर वर्षे आधी, उभे राहिले होते. येथे ‘इस्रायल’ हे देशाचे नाव नसून माणसांचे नाव आहे. ‘ब्राह्मण आळी’ या नावात ‘ब्राह्मण’ या शब्दाचे जे स्थान, तेच येथे ‘इस्रायल’ या शब्दाचे.

एवढी गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या नावाविषयी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, हा समाज कुलाब्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळण्याचा धंदा करीत असता त्याच्या वस्तीस ‘तेली आळी’ हे महाराष्ट्रातील अनेक गावांत आढळणारे नाव का पडले नाही? दुसरा असा की, आळीतील बहुसंख्य माणसे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या या नावाचा अर्थ यापुढे कोण आणि कसा लावणार? लेखी साधने तुटपुंजी असली तरी वस्तीची, आडनावांची, सणांची आणि देवघरातील अधिकाऱ्यांची नावे ही स्वतःच एक प्रकारची कागदपत्रे आहेत. प्रस्तुत लेखात या नावांच्या साहाय्याने आळीचा इतिहास जुळविण्याचा प्रयत्न केला आहे.

२

‘आळी’ हा शब्द संस्कृत ‘आलि’ अथवा ‘आवलि’ म्हणजे ओळ, रांग यापासून आला आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांस ओळीने बांधलेली घरे आणि त्या घरांत राहणारी बहुधा एका जातीची किंवा एका धंद्याची माणसे, असा त्याचा रूढ अर्थ आहे. ‘पेठ’ या शब्दात व्यापार मुख्य आहे. ‘वाडा’ या शब्दात वेगळेपण व आवार आहे. ‘मोहल्ला’ या शब्दात बहुधा मुसलमानी अमदानीतील नगररचनेची आठवण आहे. आळी ही मात्र गावाच्या अंगातच असते. तिला तट नसतो की वेस नसते. एका आळीतून निघालेला माणूस चार पावलांवर दुसऱ्या आळीत जातो.

मुंबईत मांडवी भागात याच समाजाची जी मोठी वस्ती झाली तिला ‘इस्रायल मोहल्ला’ हे नाव मिळाले, आणि अलिबागेस ‘इस्रायल आळी’ हे नाव मिळाले. माणसे तीच, भाषाही तीच. परंतु बहुभाषी बंदरात हिंदुस्थानी शब्द आला आणि कोकणातील गावात मराठी शब्द आला. वस्तीस नाव देणारे लोक पुष्कळदा शेजारी असतात. त्यामुळे वस्तीच्या नावातील उत्तरपद हे तेथील रहिवाशांपेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांविषयी अधिक सांगते.

अलिबाग हे गाव तसे फार जुने नव्हे. समोरच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचे बांधकाम १६८० साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाले व संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत ते पुरे झाले. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे बनल्यावर किनाऱ्यावरील वस्तीस महत्त्व आले. कान्होजींनी १७२० साली काळ्या दगडांचा हिराकोट गावात बांधला. १७२९ साली ते वारले आणि त्यांची समाधी अलिबागेतच आहे. १८४० च्या सुमारास आंग्र्यांचे संस्थान कंपनी सरकारकडे गेले. १८६४ साली येथे नगरपालिका स्थापन झाली व १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा होऊन अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण झाले. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड असे आहे.

गावाच्या नावासंबंधी १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये अशी आख्यायिका दिली आहे की, अली नावाच्या एका धनिक मुसलमानाने येथे विहिरी खणल्या व बागा लावल्या, त्यावरून ‘अलिबाग’ हे नाव पडले. बेने इस्रायल समाजात याच कथेतील अली हा आपल्यापैकीच होता असे सांगतात. हिब्रू ‘एली’ या नावाचे मराठी उच्चारात ‘अली’ होणे अशक्य नाही. पण जे अशक्य नाही ते घडले असे केवळ तेवढ्यावरून ठरत नाही. नावाच्या उत्तरार्धाविषयी मात्र शंका राहत नाही. शहरातील ‘श्रीबाग’ हा भागही तीच साक्ष देतो. येथे प्रथम नारळी-पोफळीच्या बागा होत्या, मग बागांत घरे झाली आणि शेवटी घरांच्या दाटीत बागेचे नाव तेवढे उरले. या पहिल्या थरावर दुसरा थर आळ्यांचा बसला, तो आंग्रेशाहीत व नंतर कचेऱ्यांच्या काळात आलेल्या माणसांचा. तिसरा थर ‘नाका’ या शब्दाचा : ठिकरूळ नाका, बालाजी नाका इत्यादी. बाग, आळी व नाका हे तीन शब्द म्हणजे अनुक्रमे पाण्याच्या, माणसांच्या व वाहतुकीच्या आधाराने वाढलेल्या गावाच्या तीन अवस्था होत.

३

बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी आहे की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. आणि समुद्राने बाहेर टाकलेल्या प्रेतांना नवगाव येथेच मूठमाती देण्यात आली. ते दफनस्थान आजही दाखविले जाते. ही घटना केव्हा घडली याविषयी एकवाक्यता नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात घातली आहे. त्यांचा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला होता. तो १९३७ साली तेल अवीव येथे छापून प्रसिद्ध झाला. इतर अभ्यासकांनी याहून बऱ्याच अलीकडचे काळ सुचविले आहेत.

काळाचा निर्णय काही झाला तरी वस्तीचा क्रम आडनावांवरून स्पष्ट दिसतो. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, झिराडकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, एरूळकर, दिवेकर, राजपूरकर अशी शंभराहून अधिक ग्रामनामे या समाजात आडनावे म्हणून नांदत आहेत. ‘चेऊलकर’ या आडनावात तर ‘चौल’ या बंदराच्या नावाचे ‘चेऊल’ हे जुने रूपही टिकून राहिले आहे. ‘-कर’ प्रत्ययान्त आडनावाचा एक साधा नियम असा की, माणूस ज्या गावात राहतो त्या गावात त्याला त्या गावाचे आडनाव सहसा पडत नाही. गाव सोडल्यावर ते पडते. किहीमात सगळेच किहीमचे असतात. ‘किहीमकर’ ही ओळख किहीमबाहेर उपयोगी पडते. तेव्हा या आडनावांची यादी हा मुळात स्थलांतराचा नकाशा आहे, आणि त्या नकाशात अलिबाग हे निघण्याचे ठिकाण नसून पोहोचण्याचे ठिकाण आहे. समाज प्रथम अष्टागरात व त्यापलीकडच्या खेड्यांतून एकेक दोनदोन घरांनी पसरला. पुढे आंग्र्यांची राजधानी व नंतर जिल्ह्याचे ठाणे म्हणून अलिबागेस महत्त्व आले तेव्हा त्यातील काही घरे येथे एका ओळीत येऊन बसली. इस्रायल आळी ही या समाजाची आद्य वस्ती नव्हे. ती त्याची दुसरी, नागर वस्ती होय.

खेड्यातील पहिल्या वस्तीत त्याचे नाव निराळे होते. तेथे त्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल गाळणे हा त्याचा मुख्य धंदा होता आणि शनिवारी त्याचा घाणा बंद असे. याच किनाऱ्यावर सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेलीही होते. त्यांना ‘सोमवार तेली’ हे नाव होते. ही नामांची जोडी फार अर्थपूर्ण आहे. एका गटाचा सोमवार शंकराच्या नंदीसाठी, दुसऱ्याचा शनिवार तोरेतील आज्ञेसाठी. पण तेल विकत घेणाऱ्या गावकऱ्याच्या दृष्टीने दोघांत फरक एका वाराचाच. त्याने धर्म विचारला नाही. घाणा कोणत्या दिवशी बंद असतो एवढे ध्यानात ठेवले, कारण त्याचा दिवा त्यावर अवलंबून होता.

४

ही ओळख ज्या व्यवहारातून आली तो पाहिल्यावाचून तिचे मर्म कळणार नाही. रॉकेल येण्यापूर्वी गावाचा उजेड, फोडणी, अंगाला लावण्याचे तेल आणि देवापुढची समई ही सर्व घाण्यावर अवलंबून असत. अष्टागरात नारळ मुबलक असल्यामुळे खोबरे घाण्याला सहज मिळे; तिळाचेही तेल निघे; आणि किनाऱ्यावर आपोआप वाढणाऱ्या उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्याला चाले. लाकडी उखळात लाट फिरे. लाटेला जुंपलेला बैल डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल फिरत राही. उरलेली पेंड गुरांना जाई. बागेतील रहाट व घाणा ही अष्टागरातील दोन चक्रे होत : एक पाणी वर काढी, दुसरे त्या पाण्यावर वाढलेल्या नारळाचे तेल काढी.

शुक्रवारी सूर्यास्तास घाणा थांबला म्हणजे शनिवारी सूर्यास्तापर्यंत तो फिरत नसे, चूल पेटत नसे. हिब्रू भाषा विसरली गेली होती, ग्रंथ हाती नव्हते. परंतु शाब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या गोष्टी पिढ्यान्पिढ्या चालत राहिल्या. या निर्बंधांचा परिणाम बाजारातील खरेदीवर होई. ज्या माशाला खवले व पर नाहीत तो निषिद्ध. त्यामुळे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या हे किनाऱ्यावरील सामान्य अन्न या घरांत येत नसे. मांस विधिपूर्वक कापलेलेच चाले. मांस व दूध एकत्र वर्ज्य असल्याने रश्शाला नारळाचे दूध वापरीत, आणि नववर्षाचा हलवाही गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून करीत. पॅलेस्टाइनातील निर्बंध आणि कोकणातील नारळ यांची अशी गाठ पडली की, निर्बंध पाळणाऱ्यास त्याची अडचण वाटेनाशी झाली.

घराच्या बाह्य रूपात फरक थोडा. ओटी, पडवी, माजघर, परसातील विहीर ही रचना शेजारच्या घरांसारखीच. स्त्रियांच्या अंगावर लुगडे, गळ्यात मंगळसूत्र, हातात काकणे. दाराच्या चौकटीच्या उजव्या अंगाला ठोकलेली मेझूझाची लहानशी नळी, आणि तिच्यातील हिब्रू वचनांचा चर्मपट्ट, ही मात्र या आळीची खूण. आत शिरताना बोटांनी तिला स्पर्श करून ती बोटे ओठांस लावण्याची चाल आहे.

आळीत सर्व एकरस होते असे मानण्याचे कारण नाही. या समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भेद होते. गोरे आपणास शुद्ध वंशाचे समजत व काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार टाळीत. हा भेद आता मावळला आहे. पण जातिव्यवस्थेचे वळण या आळीनेही गिरविले होते, हे नमूद केले पाहिजे.

५

अलिबागच्या प्रार्थनामंदिराचे नाव ‘मागेन आबोथ’, म्हणजे ‘पूर्वजांची ढाल’. ते १८४८ साली स्थापन झाले व १९१० साली नव्याने बांधले गेले. त्याच सुमारास जवळपासच्या गावांतही अशी मंदिरे झाली : पनवेल येथे १८४९ साली, पेण येथे १८६३ साली. या सर्वांच्या आधी १७९६ साली कंपनीच्या पलटणीतील अधिकारी सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले मंदिर बांधले होते. म्हणजे मंदिराची कल्पना मुंबईस जाऊन मग कोकणात परत आली. खेड्यात विखुरलेल्या तेल्यांना घरातील प्रार्थना पुरेशी होती. मंदिराला दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते, आणि ती दाट वस्तीतच नियमाने मिळते. आळी आणि मंदिर ही एकमेकांची पूर्वअट आहेत.

मंदिरात तोरेच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट जेरुसलेमच्या दिशेस, म्हणजे पश्चिमेस असते. अलिबागेत पश्चिमेस समुद्र आहे. तेव्हा ज्या समुद्रातून पूर्वज आले त्याच दिशेस तोंड करून येथे प्रार्थना होते. मध्यभागी ‘तेबा’ हे वाचनाचे कठडेदार व्यासपीठ असते.

मंदिराचा कारभार पाहणाऱ्यांची नावे भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटतील. मंडळीचा प्रमुख तो ‘मुकादम’. त्याच्या मदतीस ‘चौघुले’. खजिनदार तो ‘गबाई’. प्रार्थना म्हणणारा ‘हज्जान’. सेवक तो ‘शम्माश’. आणि विवाहादी विधी करविणारा व तंटे सोडविणारा ‘काजी’. यांतील गबाई, हज्जान व शम्माश हे हिब्रू परंपरेतील शब्द. मुकादम व काजी हे अरबी. चौघुला हा तर पाटलाच्या हाताखालचा महाराष्ट्रातील गावकामगार. धर्मविधीचे शब्द बाहेरून शिकून घ्यावे लागले, कारण ते विस्मृत झाले होते. गावगाड्याचे शब्द शिकावे लागले नाहीत, कारण ते रोजच्या तोंडचे होते. काजीपणा झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांकडे चालत आला. डेव्हिड राहाबी नावाच्या परदेशी धर्मबांधवाने या तीन घराण्यांतील पुरुषांना विधी शिकविले अशी परंपरा असून त्याच्या काळाविषयी मतभेद आहे. मंदिरास पुष्कळ काळ ‘मशीद’ असेच म्हणत, आणि मुंबईतील ‘मस्जिद’ या रेल्वे स्थानकाचे नाव दिवेकरांच्या मंदिरावरून पडले असे सांगितले जाते.

६

सणांची जुनी नावे याहूनही बोलकी आहेत. हिब्रू पंचांगातील नववर्षाचा दिवस तो ‘नव्याचा सण’. त्याच महिन्यात नव्या धान्याची खीर करीत तो ‘खिरीचा सण’; हा मुळात कोणता हिब्रू सण याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’ : त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून, बाहेरच्या कोणाचाही स्पर्श टाळून घरात बसत. ‘दारफाळणी’ याचा अर्थ दार लावणे असा परंपरेने सांगतात. ‘फाळणे’ या क्रियापदाचा रूढ अर्थ याहून वेगळा आहे. दारास ‘फळ्या’ लावून ते बंद करण्याच्या चालीशी या शब्दाचा संबंध असावा, ही शक्यता विचारात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या दिवशी दारे उघडत, दानधर्म करीत व भेटीगाठी घेत. तो ‘शिळा सण’. वसंतातील पुरीम हा ‘होळीचा सण’ झाला, कारण दोन्ही सण पौर्णिमेच्या सुमारास व बहुधा एकाच ऋतूत येतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन पावसाळ्यात येतो. त्या दिवशी उपवासानंतर वालाचे बिरडे केळीच्या पानावर वाढीत, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’.

पेसाह या सणास ‘अनशी ढाकण्याचा सण’ म्हणत. ‘अनस’ म्हणजे आंबट कालवणाचे मडके. मिसरातून सुटकेच्या आठवणीने त्या आठवड्यात आंबवलेले काही खाऊ नये अशी मूळ आज्ञा. आज्ञेची कथा विसरली गेली, पण आंबट पदार्थाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवण्याची कृती टिकली, आणि त्या कृतीवरूनच सणास नाव मिळाले. या सर्व नावांत एकही हिब्रू शब्द नाही. दार, मडके, खीर, बिरडे या घरगुती वस्तू आहेत. स्मृती ग्रंथात राहिली नाही तेव्हा ती स्वयंपाकघरात राहिली, आणि तिचे जतन मुख्यतः स्त्रियांनी केले असे यावरून अनुमान निघते.

एलिया प्रेषिताच्या स्मरणार्थ करावयाचा ‘मलिदा’ हा विधी याच परंपरेतला. गोड पोहे, ओले खोबरे व फळे यांचे ताट मांडून प्रार्थना म्हणतात व प्रसाद वाटतात. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एक खूण असून ती ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ या नावाने प्रसिद्ध आहे; प्रेषिताच्या रथाच्या घोड्याची ती टाप, अशी श्रद्धा आहे.

७

आता पहिल्या प्रश्नाकडे वळता येईल. ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजाची आळी ‘तेली आळी’ न होता ‘इस्रायल आळी’ कशी झाली?

याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात या समाजाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत जो पालट झाला त्यात सापडते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक पुरुष कंपनीच्या फौजेत दाखल झाले. कुटुंबे मुंबईस गेली. कोचीन व बगदाद येथील ज्यू लोकांशी त्यांचा संबंध आला. मिशनऱ्यांनी कोकणात शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. परिणाम बहुतांशी उलट झाला. मराठी बायबल व हिब्रू व्याकरण हाती आल्यावर या समाजाला आपलाच धर्म वाचता येऊ लागला. १८४६ साली पेसाहच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला. ज्यांच्या आजोबांनी त्या रात्री अनशी झाकली, त्यांच्या नातवंडांना ती का झाकावयाची हे मराठीतून वाचावयास मिळाले.

व्यक्तिनामांत हाच पालट दिसतो. पूर्वीची नावे हसाजी, समाजी, बनाजी, इसाजी, मुसाजी, आबाजी अशी होती. ती अनुक्रमे यहेझ्केल, शमुवेल, बेन्यामिन, इसहाक, मोशे व अब्राहाम यांची मराठी वळणाची रूपे होत. मुंबईत मंदिर बांधणारे दिवेकर आपल्या लोकांत ‘समाजी हसाजी’ या नावाने ओळखले जात. पुढील पिढ्यांनी ‘-जी’ हा प्रत्यय टाकला व सॅम्युएल, एझेकिएल, बेंजामिन ही इंग्रजी बायबलातील रूपे स्वीकारली. आडनाव मात्र कोणी टाकले नाही. नाव जेरुसलेमकडे गेले, आडनाव अष्टागरात राहिले.

अलिबागची आळी याच काळात आकारास आली. तीत राहावयास आलेला माणूस घाण्यावरचा तेली कमी आणि कचेरीतील कारकून, शिक्षक, निवृत्त सुभेदार किंवा सुतार-गवंडी अधिक होता. त्याच्या ओळखीचे चिन्ह घाणा नव्हते, मंदिर होते. म्हणून शेजाऱ्यांनी त्याच्या वस्तीस धंद्याचे नाव न देता समाजाने स्वतःस लावलेले नाव दिले. ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची मुले. बोलण्यात ‘बेने’ गळून ‘इस्रायल’ उरले. वाराच्या नावाने ओळखला जाणारा समाज वंशाच्या नावाने ओळखला जाऊ लागला, या संक्रमणाची ही आळी खूण आहे. हे अनुमान आहे; परंतु मंदिराचे साल, ग्रंथांची साले आणि व्यक्तिनामांतील पालट ही सर्व त्याच दिशेस बोट दाखवितात.

८

ज्या शिक्षणाने आळीस हे नाव दिले त्यानेच ती रिकामीही केली. रेल्वे, टपाल, गोदी, पलटण, इस्पितळे, शाळा यांतील नोकऱ्या मुंबई, ठाणे, पुणे येथे होत्या. १९४८ च्या सुमारास भारतात या समाजाची संख्या सुमारे वीस हजार होती. त्यानंतरच्या दोन दशकांत त्यातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे प्रारंभी त्यांच्या विवाहांच्या वैधतेविषयी धर्मपीठाने शंका घेतली. दीर्घ आंदोलनानंतर १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. अष्टागरात ज्यांना कोणी परके म्हटले नव्हते त्यांना स्वतःच्या नावाच्या देशात स्वत्व सिद्ध करावे लागले, ही गोष्ट या समाजाच्या इतिहासात विसरण्याजोगी नाही. तेथेही त्यांनी मराठी सोडली नाही; ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची संख्या ४,६५० भरली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग परिसरात आता मोजकीच कुटुंबे आहेत. मंदिर उभे आहे. सणांच्या वेळी मुंबई-ठाण्याहून माणसे येतात आणि इस्रायलहून आलेले पाहुणे आपल्या आजोबांचे गाव पाहून जातात. २०२० साली मुंबई-मांडवा मार्गावर मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाल्यापासून शहरातील वर्दळ वाढली आहे. जुनी घरे पडून त्या जागी इमारती होत आहेत. आळीचे नाव पत्त्यात व बोलण्यात अजून आहे, पण ते उच्चारणाऱ्यांपैकी अनेकांना ते दूरच्या देशाचे नाव वाटते.

येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्या नावात एका गावाने आपल्या शेजाऱ्यांची नोंद केली, ते नाव परदेशाचे म्हणून वाचले गेले तर शब्द तसाच राहील आणि इतिहास उलटा होईल. आपले मानले गेलेले लोक बाहेरचे ठरतील. हा अपाय टाळण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. आळीतील जुन्या घरांची, त्यांतील कुटुंबांच्या आडनावांची व त्यांनी सोडलेल्या खेड्यांची यादी; परसातील विहिरींची व भोवतालच्या गावांतील घाण्यांच्या जागांची नोंद; सणांच्या, पदार्थांच्या व मंदिरातील वस्तूंच्या मराठी नावांचा संग्रह; आणि ही नावे लहानपणी ऐकलेल्या येथील व इस्रायलमधील वृद्धांच्या मुलाखती, एवढे काम महाराष्ट्रातील भाषा व इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल. ‘अनशी ढाकणे’ म्हणजे काय हे आजीकडून ऐकलेली पिढी आता थोडीच उरली आहे. अलिबागपासून थोड्याच अंतरावर अक्षी येथे शके ९३४ चा म्हणून वाचला गेलेला मराठी शिलालेख आहे. त्याचे महत्त्व दगड वाचल्यावर कळले. इस्रायल आळीचे लेख दगडावर नाहीत, माणसांच्या तोंडी आहेत. ते वाचण्यास इतका अवधी मिळणार नाही.